भटूभाऊंचं रानडुक्कर

नवागाममधल्या आमच्या गल्लीत दर रविवारी सकाळी दहा वाजता एक रानडुक्कर मरायचं. वीस-एकवीस वर्षं, जवळपास न चुकता. कधी ते करवंदीच्या जाळीतून यायचं, कधी नाल्यातून वर चढायचं. एका गणेशोत्सवात तर त्याने चक्क कड्यावरून उडी घेतली होती. वजनाचंही तेच. मी या गल्लीत राहायला आलो तेव्हा ते दीड क्विंटलचं होतं, मागच्या दिवाळीत तीन क्विंटलला टेकलं. मेल्यानंतर इतकं अंगाला लागलेलं दुसरं जनावर माझ्या पाहण्यात नाही.

ते मारणारे भटूभाऊ. मूळ गाव साक्री तालुक्यात, पोटासाठी मुक्काम सुरतेत. उधन्याला एका खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, ते कापड विणतात. अंगाने असे की सूत संपल्यावर जी नुसती कांडी उरते, ती पाहावी. देवाने बांधा करताना वाचवलेला सगळा माल मात्र गळ्यात ओतला होता. खात्यात सगळे लूम एकदम खडखडत असताना भटूभाऊंनी "चहा!" म्हटलं की रस्त्यापलीकडचा टपरीवाला कप विसळायला घ्यायचा. दुसऱ्या कारागिरांना मालकाशी बोलायला बाहेर यावं लागे. भटूभाऊ जागेवरूनच बोलत, आणि मालक बाहेर येई.

गळ्यात काळ्या दोऱ्यात एक पिवळट, वाकडा सुळा. त्याच डुकराचा. कामावर तो शर्टाच्या आत असायचा, लूममध्ये अडकू नये म्हणून. रविवारी बाहेर यायचा.

रविवारचा कार्यक्रम ठरलेला होता. कोपऱ्यावरून खमण यायचं, ओट्यावर भटूभाऊ, खाली प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही. गणपत गवंडी हा आमचा मराठवाड्याचा माणूस. दर रविवारी तो सगळ्यांत आधी यायचा आणि सगळ्यांत जास्त खोड्या काढायचा.

"भाऊ, मागल्या रविवारी भाला डाव्या हातात होता."

"मागल्या रविवारी डुक्करबी डावीकडून आलं होतं, गणपत!"

"आणि आज?"

"आज तू समोर बसेल शे. डुक्कर समोरूनच येईन."

आतून मालतीबाईंचा, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवतींचा, आवाज यायचा, "मरी गयं व्हई तर गॅसनी टाकी मधमा ल्या!" डुक्कर टाकी येईपर्यंत थांबायचं आणि मग मरायचं.

या सगळ्यात ओट्याच्या टोकाला एक माणूस एक पाय सरळ पसरून बसलेला असायचा. योगराज. भटूभाऊंच्याच गावचा, लहानपणापासूनचा जोडीदार, बमरोलीच्या एका मिलमध्ये वॉचमन. ड्युटी संपवून तो घरी न जाता थेट इथे यायचा. त्याचा डावा पाय गुडघ्यात वळत नसे. तो बोलतही नसे. डुक्कर मेल्यावर भटूभाऊ त्याच्याकडे वळून म्हणायचे, "काय योगराज?" आणि तो म्हणायचा, "हां. तसंच." एवढी दोन वाक्यं. पण त्या दोन वाक्यांशिवाय डुक्कर मेल्यासारखं वाटत नसे.

आता खरी गोष्ट. ती मला योगराजच्या बायकोने, प्रमिलाबाईंनी सांगितली. शब्दशः नाही, पण फिरवलेलीही नाही.

त्यांच्या गावाकडे डुकरं मक्याचं शेत एका फेरीत झोपवायची, म्हणून आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला गाव शिकारीला निघायचं. तीसेक माणसं. त्यातली पंचवीस डोंगराला वळसा घालून डबे वाजवत, आरडाओरडा करत जनावर उठवायची. ते हाकारे. उरलेले चार-पाच भाले घेऊन खिंडीत दबून बसायचे. जनावर पडलं की वाटे सारखे पडत. भालेवाल्याला एक, हाकाऱ्याला एक, कुत्र्याच्या मालकाला एक, आणि वाटेने सहज जाणारा कोणी थांबला असला तर त्यालाही एक. घरी आल्यावर बायकांनी विचारलं तर सगळे एकच सांगत, "आमी मारं." भाला कोणाचा लागला हे विचारणं चांगलं समजत नसत. तिसातला प्रत्येक जण "आमी मारं" म्हणे आणि त्यातला एकही खोटं बोलत नसे.

भटूभाऊ हाकारे होते. त्या गळ्याचा माणूस खिंडीत गप्प बसवून ठेवणं म्हणजे बँडवाल्याला मयताच्या घरी तपकीर ओढायला बसवणं. बावीस वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी त्यांच्याच हाकेने डुक्कर उठलं आणि खिंडीत थेट योगराजवर आलं. योगराजचा भाला खांद्यात बसला. बसता बसता डुकराने त्याची मांडी गुडघ्यापासून वर उसवली, आणि मग दहा पावलांवर जाऊन ते पडलं. सगळे डुकराभोवती जमले. सगळ्यांत शेवटी पोचलेले भटूभाऊ डुकराकडे गेलेच नाहीत. त्यांनी धोतराने योगराजची मांडी आवळली, त्याला पाठीवर घेतलं आणि दोन तास डोंगर उतरून सडकेपर्यंत आणलं. तिथे ट्रॅक्टर मिळाला, मग धुळे. योगराज वाचला. पाय मात्र तसाच राहिला. दवाखान्यातून घरी आल्यावर त्याने आपल्या वाट्याचा सुळा भटूच्या हातात ठेवला. "हाऊ तुन्हा."

ही गोष्ट भटूभाऊंनी आम्हाला एकाही रविवारी सांगितली नाही. जखमी दोस्ताला पाठीवरून उतरवणं ही त्यांच्या लेखी शिकार नव्हती, हमाली होती.

त्याच वर्षी भटूभाऊ सुरतेला आले. पायाने शेती होईना म्हणून वर्षभराने योगराजही आला. खोली भटूभाऊंनी पाहून दिली, वॉचमनची नोकरीही त्यांनीच. सुरतेत पहिलं वर्षभर भटूभाऊ गावच्यासारखंच सांगत, "आमी मारं." पण सुरतेला गावचं 'आमी' कळेना. ऐकणारे विचारायचे, "आमी म्हणजे कोण? भाला कोणाचा?" बारा तास उभं राहून दुसऱ्याच्या लूमवर दुसऱ्याचं कापड विणणाऱ्या माणसाला कोणीतरी पहिल्यांदाच विचारत होतं, की तू काय केलंस. एक दिवस तोंडातून निघून गेलं, "मी मारं." लोकांनी टाळी दिली. 'आमी'ला कधी कोणी टाळी दिली नव्हती. भटूभाऊंनी घाबरून ओट्याच्या टोकाकडे पाहिलं. योगराज म्हणाला, "हां. तसंच."

घरी प्रमिलाबाईंनी नवऱ्याला धारेवर धरलं. पाय तुझा गेला आणि नाव त्याचं? योगराज म्हणाला, "गोष्ट त्यानाकडे राहू दे. मन्हाकडे पाय शे ना."

तर अशी एकवीस वर्षं गेली. डुक्कर वाढत गेलं, भटूभाऊंचे केस पिकले आणि त्यांची हर्षदा मोठी होऊन कापड मार्केटमधल्या एका दुकानात कामाला लागली. ती मोबाईलसमोर उभी राहून साड्या विकते. एका हाताने पदर उलगडते, दुसऱ्याने वार मोजते, आणि तोंडाने गुजराती, हिंदी, मराठी अशा तीन भाषांत एकच साडी तीनदा विकते. डिंडोलीच्या वाल्मिकशी तिचं जमलेलं होतं, साखरपुडा महिन्यावर होता. एका रविवारी तिने तो मोबाईल बापासमोर लावला.

"पप्पा, शिकारमां सौथी वधारे मजा शेमां आवे? मराठीत सांगा, खाली गुजरातीत मी लिहीन."

भटूभाऊंनी सुळा नीट मधोमध केला. "मजा? जनावर समोर येतं ना, तेव्हा तू आणि ते, बस. दुसरं कोणी नसतं. कोणी शेठ नाही, कोणी मुकादम नाही. त्या एका घडीला माणसाला कळतं, आपण कोण आहोत."

उत्तर फार छान होतं. ते फक्त ज्याने द्यायचं होतं तो त्याच ओट्याच्या टोकाला बसून खमणावरची मिरची बाजूला काढत होता.

मागोमाग नाल्यातून डुक्करही येऊन मेलं, आणि तो सगळा व्हिडिओ दोन लाखांवर लोकांनी पाहिला. कोणी 'शेर काका' लिहिलं, कोणी हात जोडलेली चित्रं पाठवली. उधन्याच्या पुलाखाली एका अनोळखी रिक्षावाल्याने भटूभाऊंना ओळखलं. दहा दिवस ते शर्टाची वरची दोन बटणं उघडी टाकून कामावर गेले. मालतीबाई म्हणाल्या, "छातीले हवा लागी राहिनी. सर्दी व्हई." सर्दी झालीही. पण बटणं लागली नाहीत.

त्याच्या पुढच्या रविवारी दोन नवे लोक आले आणि मागे उभे राहिले. नवा श्रोता म्हणजे भटूभाऊंना सणच. त्यांनी आमच्या गणपतला उठवून खुर्च्या रिकाम्या करून घेतल्या, पाहुण्यांच्या हातात खमणाच्या बशा दिल्या आणि गोष्ट पहिल्यापासून लावली. काय सांगितली त्या दिवशी! मी शेकडो वेळा ऐकलेलं डुक्कर, पण त्या दिवशी माझेही पाय खुर्चीखालून वर आले. ते फुरफुरलं, भटूभाऊ फुरफुरले. त्याने माती उकरली, भटूभाऊंनी ओट्याची फरशी उकरली. शेवटी त्यांनी सुळा दोऱ्यासकट पुढे करून पाहुण्यांना दाखवला.

"वार्ता सरस छे, काका," त्यातला वयस्कर माणूस म्हणाला. "आ दांत तमारो?"

"माझे दात केव्हाच पडले साहेब, हा डुकराचा!"

सगळी गल्ली हसली. त्या ओट्यावरचं ते शेवटचं हसू. कारण मग त्या माणसाने खमणाची बशी खाली ठेवली, हात पुसला आणि खिशातून ओळखपत्र काढलं. जंगलखात्याचे होते. व्हिडिओ पाहून कोणीतरी तक्रार केली होती.

माणूस वाईट नव्हता. आवाजही चढवला नाही. रानडुक्कर मारणं गुन्हा आहे, त्याचा सुळा बाळगणं हाही गुन्हा आहे, जंगलातलं जनावर मेलं तरी सरकारचं असतं, हे त्याने शाळेतल्या मास्तरासारखं समजावून सांगितलं. मग वही उघडली.

"किसने मारा?"

आता या प्रश्नाचं उत्तर भटूभाऊ एकवीस वर्षं न विचारता देत आलेले. दारात मालतीबाई हातात झारा घेऊन उभ्या. हर्षदाने त्या रविवारीही लावलेला मोबाईल अजून स्टँडवर. तिने तो बंद केला आणि बापाकडे पाहिलं. साखरपुड्याला अठरा दिवस होते. मुलाकडच्यांना कळलं तर काय, हे तिच्या तोंडावर वाचायला कोणाला चष्मा लागला नसता.

भटूभाऊंच्या त्या गळ्यातून बारीकसा आवाज आला. "आमी."

"आमी यानी कौन? नाम बोलो."

"आमी... गाव, साहेब. सगळं गाव."

"गाव को कैसे लिखूँ? एक नाम तो बोलो."

साहेबाचं पेन थांबलेलं. तेवढ्यात भटूभाऊंचा हात वर आला आणि ओट्याच्या टोकाकडे गेला.

"त्याने. मी नुसता हाका देत होतो. देवाशपथ साहेब. मी हातात भाला धरलेला नाही. त्याचा पाय बघा ना, डुकरानंच फाडलाय. बघा."

त्या डुकराबद्दल भटूभाऊंनी आम्हाला सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट. एकवीस वर्षं 'मी', आणि ज्या दिवशी डुकराची शिक्षा ठरली त्या दिवशी 'तो'. गणपत, जो दर रविवारी गोष्टीत चुका काढायचा, तो खाली बघत राहिला. एक चूक सापडेना.

साहेबांनी योगराजकडे पाहिलं. "काका, ये सच है?"

"हां. तसंच."

"फिर दांत इनके गले में क्यों?"

इथे योगराजला गप्प राहता आलं असतं. खरं बोलायला एकच वाक्य पुरलं असतं, की दिला होता, त्याचा झाला. त्याने सगळ्यांसमोर आयुष्यातली बहुधा पहिली थाप मारली. "माझाच आहे. घालून बघायला दिला होता. हौस आहे त्याला."

साड्यांच्या एका रिकाम्या खोक्यावर वही ठेवून पंचनामा सुरू झाला. पंच म्हणून गणपतची सही घेतली. लिहिता लिहिता साहेबांनी सहज विचारलं, अगदी हर्षदाने विचारलं होतं तेच, "काका, इसमें ऐसा क्या मजा आता है आप लोगों को?"

योगराज इतकं बोललेला मी त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही.

"भाला लागतो त्यात काही नाही साहेब. तेव्हा नुसती भीती असते. मजा त्याच्या आधी. खिंडीत एकट्याने बसायचं. काही दिसत नाही, काही हलत नाही. मग डोंगराच्या पल्याडून हाका सुरू होतात. पंचवीस जणांच्या. त्यात याची मला वेगळी कळायची. ती जवळ जवळ यायला लागली की वाटायचं, आता येऊ दे काय यायचं ते. मागे भटू आहे."

साहेबांनी ते लिहून घेतलं नाही. त्यासाठी कागदावर रकाना नव्हता. भटूभाऊ भिंतीला टेकून उभे होते. हात छातीवर, जिथे आता सुळा नव्हता आणि दोन बटणं उघडी होती.

योगराजला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी जामीन झाला. पण वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीने गुन्हा दाखल असलेला माणूस ठेवत नाही म्हणून गणवेश आणि शिट्टी परत मागितली. प्रमिलाबाई गणवेश धुऊन, इस्त्री करून देऊन आल्या.

साखरपुडा ठरल्या दिवशी झाला. फोटोत भटूभाऊ गळ्यापर्यंत सगळी बटणं लावून उभे आहेत. योगराजला बोलावणं गेलं होतं. तो आला नाही. प्रमिलाबाईंनी मात्र हर्षदासाठी साडी पाठवली, आणि मालतीबाई ती साडी मांडीवर घेऊन स्वयंपाकघरात बराच वेळ बसून राहिल्या. नवऱ्याशी त्या भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं भटूभाऊच मला म्हणाले.

रविवारी खमण येईना. आम्ही कोणी ठरवलं नव्हतं. आपापल्या दारात पेपर वाचत बसायचो, इतकंच. भटूभाऊ ओट्यावर येऊन बसत, थोड्या वेळाने आत जात. खात्यातही त्यांनी हाक मारणं सोडलं. चहा हवा असला की बाहेर येऊन टपरीसमोर उभे राहत.

मग एका सोमवारी ते खाडा करून माझ्याकडे आले. "चाल मन्हासंगे. माले जबानी बदलनी शे."

आम्ही दोघं जंगलखात्याच्या कचेरीत गेलो. तेच साहेब होते. भटूभाऊ हात जोडून म्हणाले, "साहेब, त्या दिवशी मी खोटं बोललो. पोरीसाठी. डुक्कर मीच मारलं. दोन लाख लोकांनी ऐकलंय. योगराजचं नाव काढा."

साहेबांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. "ठीक है. बताइए, कैसे मारा?"

मला वाटलं, सुटलो. हजार वेळा सांगितलेली गोष्ट! भटूभाऊंनी सुरुवात केली. डुक्कर जाळीतून आलं. साहेब म्हणाले, व्हिडिओत तर नाल्यातून येतं. हो, नाल्यातूनच. भाला कोणत्या हातात? उजव्या. लागला कुठे? मानेत. म्हणजे छातीत. साहेब, फार जोरात लागला. मग सुळे कोणी काढले, कशाने काढले, तुमच्यासोबत खिंडीत आणखी कोण होतं? खिंडीतून हाका कशा ऐकू येतात हेसुद्धा भटूभाऊंना ठाऊक नव्हतं. ते आयुष्यभर त्या हाकांच्या दुसऱ्या टोकाला होते. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्या वेळी डुक्कर कड्यावरून आलं.

आम्हा रिकामटेकड्यांना एकवीस वर्षं पुरलेली गोष्ट त्या टेबलावर दहा मिनिटंही टिकली नाही. साहेबांनी फाइल मिटली. "काका, शिकार आपने नहीं की. आप गवाह हैं. कोर्ट में जो सच है वही बोलना. सच में तो आपका एक ही मिनट लगेगा."

पहिली तारीख लागली त्या दिवशीही मी बरोबर होतो. मालतीबाईंनी तिघांना पुरतील इतक्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा डब्यात भरून दिला होता. कोर्टाच्या व्हरांड्यात एका लांब बाकावर योगराज पाय पसरून बसला होता, शेजारी प्रमिलाबाई. आम्हाला पाहून योगराजने दोन्ही हातांनी पाय उचलून थोडा आत घेतला. एका माणसाची जागा झाली. भटूभाऊ डबा सावरत बसायला वाकले.

प्रमिलाबाईंनी आपली कापडी पिशवी त्या जागेवर ठेवली.

"साक्षीदार तथा बठतस, भाऊ," त्यांनी समोरच्या भिंतीकडच्या बाकाकडे हात केला. आवाजात राग नव्हता. पत्ता सांगावा तसं सांगितलं.

भटूभाऊंनी योगराजकडे पाहिलं. योगराज कोर्टाच्या दाराकडे पाहत होता.

ते समोरच्या बाकावर जाऊन बसले. दुपारी पुढची तारीख मिळाली.